मुक्ता, पाचवं वर्ष कर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेला निघतेस तेव्हा मी रात्रपाळी संपवून परतीच्या गाडीत असते आणि तू येतेस तेव्हा माझी निघायची घाई. म्हणून निवांत बोलायचं ते लिहूनच देते. विमान मेकॅनिकचं काम शिकवणाऱ्या तुझ्या एव्हिएशन हायस्कूलला पाचवं वर्ष थांबायचं, की चार वर्षं झाली की मैत्रिणींबरोबर कॉलेजला जायचं, हे तू मला विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे. थांब.

तू एअरफ्रेम घेतलंस. सांगाडा, पंख, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक्स हे सगळं त्यात आलं. पण पाचव्या वर्षाचं पॉवरप्लँटचं, म्हणजे इंजिनाचं, रेटिंग तुझ्या मेकॅनिकच्या सर्टिफिकेटवर नसेल तर इंजिनाच्या कामावर तुला सही करता येणार नाही. जेएफके विमानतळावर रात्री विमान अडकलं की सुपरवायझर दोन्ही रेटिंगवाल्याला शोधतो, हे तूच मला सांगितलंस. तुमच्यात जो तो ‘ए अँड पी’, म्हणजे एअरफ्रेम आणि पॉवरप्लँट, म्हणतो, नुसतं ‘ए’ कुणी म्हणत नाही. हेच शिक्षण बाहेर खासगी संस्थेत घ्यायचं तर हजारो डॉलर मोजावे लागतात. तुझी शाळा न्यू यॉर्क शहराची, सरकारी. एक पैसा फी नाही. हँगरमध्ये खरी विमानं उभी आहेत, अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, एफएएची, मान्यता आहे. हे दार एकदा मागे लागलं की पुन्हा फुकट उघडणार नाही. कॉलेज मात्र पुढच्या वर्षीही असेल आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

परीक्षा सोप्या नाहीत, ठाऊक आहे. लेखीला किमान 70 टक्के, मग तोंडी, मग परीक्षकासमोर हातानं करून दाखवायचं काम. शिवाय सर्टिफिकेटसाठी वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. तुझी ती पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच होतील, म्हणजे वयासाठी अडायचाही प्रश्न नाही.

आठवीत आपल्या ओळखीतली सगळी मुलं स्टायव्हेसंट आणि ब्राँक्स सायन्स या नावाजलेल्या शाळांच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला जात होती, तेव्हा तू या शाळेचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलंस. चिंचवडहून तुझ्या मामाचा फोन आला, “मेकॅनिकच करायचं होतं तर पोरीला अमेरिकेत कशाला नेलंस?” मला त्याचं फार वाईट वाटलं. माझे वडील, तुझे आबा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. मामा इंजिनिअर झाला तो त्यांच्याच पगारावर. खंडेनवमीला ते आम्हा दोघांना वर्कशॉपात न्यायचे. पाने, कानशी, हातोड्या, सगळी हत्यारं घासूनपुसून मांडलेली, त्यांवर झेंडूची फुलं. आबा कुणाचं हत्यार ओलांडू द्यायचे नाहीत. तुझी हत्यारांची पेटी दरवर्षी आपल्या देवघरापुढे येते ती त्यांच्यामुळे.

गेल्या महिन्यात तू जेवणाच्या टेबलावर मला लॉकवायर घालून दाखवलीस ना, ते माझ्या डोक्यातून जात नाही. दोन बोल्टांच्या डोक्यातल्या भोकांतून तार ओवलीस, पिळत नेलीस आणि म्हणालीस, “आई, हा बोल्ट सैल व्हायला लागला की तार दुसऱ्याला घट्ट करायच्या दिशेनं ओढणार.” मी उलट्या दिशेनं घालून बघितली, तर तू काही न बोलता ती कापलीस आणि नवी तार हातात दिलीस. कापलेला तुकडा उचलून डबीत टाकलास, कारण विमानात राहिलेला एक तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचंही तसंच. दाबलेलं डोकं रुंदीला दांड्याच्या दीडपट आणि उंचीला निम्मं भरलं पाहिजे, नाहीतर ड्रिल मारून काढा आणि परत ठोका. “चालतंय की” हे तुझ्या तोंडून मी या चार वर्षांत ऐकलेलं नाही. घरातल्या पसाऱ्याबद्दलसुद्धा नाही, आणि हा बदल मला फार आवडलाय.

तू 10 जून 1990 च्या त्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाचा धडा वाचून दाखवलास, तो मी आमच्या वॉर्डातल्या नवीन नर्सेसना सांगते. कॉकपिटची काच बसवताना रात्रपाळीतल्या माणसानं जुना बोल्ट हातात धरून नवे नजरेनं जुळवले. 90 पैकी 84 बोल्ट 0.026 इंचानं बारीक निघाले, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. हवेत काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. बाकीच्यांनी त्याला धरून ठेवलं म्हणून तो वाचला. मी रात्री तीनला औषधाच्या चार्टवर सही करते तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचूनच करते, ओळखीच्या रंगावर जात नाही. तुमच्या विमानाच्या नोंदवहीत, लॉगबुकातही तेच आहे. काय काम केलं, तारीख, सही, सर्टिफिकेटचा नंबर. तुझं नाव त्या विमानाबरोबर राहतं. इतकी जबाबदारी 19-20 व्या वर्षी पेलायची, तर इंजिनावर हात बसवायला अजून एक वर्ष मिळतंय ते सोडू नकोस.

पैशांचंही बोलते, कारण तू लाजून बोलणार नाहीस. 2023 च्या सरकारी आकडेवारीत विमान मेकॅनिकचा मधला पगार वर्षाला 75 हजार डॉलरच्या आसपास होता. पुढे इंजिनिअरिंग करावंसं वाटलं तर पाळीवर काम करत तुझ्या पैशानं कर. कर्ज काढून घाईघाईत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि नाही वाटलं तर तेही चांगलंच. घरात डिग्री आलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

मैत्रिणी पांगतील, तुला एकटं वाटेल, हे मी धरून चालले आहे. शनिवार-रविवार त्यांच्याकडे खुशाल जा, गाडीभाडं माझ्याकडून.

मंगळवारी माझी सुट्टी आहे. शाळेतल्या समुपदेशकांची वेळ घे, मी बरोबर येते, पाचव्या वर्षाचे कागद तिथेच भरू. मामाशी मी बोलेन, तू बोलायचं नाहीस.

तुझी,
आई