पद्मिनीला पंप मिळेना

संपादक साहेब,
आमच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचा फ्युएल पंप गेला, आतला रबरी डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पडदा) कडक होऊन चिरलेला, तीन आठवडे झाले शोधतोय. एका दुकानदाराने 'सेम टू सेम' म्हणून दिला तो बसला, बोल्टची भोकंपण जुळली पण लिव्हर जरा आखूड, त्याला हलवणाऱ्या इंजिनातल्या कॅमला टेकतच नाही मग पेट्रोल चढणार कसं! कुणी म्हणतं नव्या गाडीचा इलेक्ट्रिक टाक, अहो त्याचं प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास, आपल्या कार्बोरेटरला ३-४ म्हणजे डोक्यावरून पाणी, ओव्हरफ्लोच होणार. त्यात आता ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. कुर्ल्यात बनलेली गाडी ही, निदान चांगलं डायफ्राम किट तरी कुणीतरी काढा की.
— एक वाचक, डोंबिवली