नवा पाठवू नकोस, जुना चालू झालाय

प्रिय बंड्या,

अनेक आशीर्वाद. तुझा तो इंजिनिअरिंगचा लॅपटॉप भंगारात घाल म्हणाला होतास ना, तो आता माझ्यासमोर चालू आहे आणि हे पत्र त्याच्यावरच टाइप करतेय. तेव्हा नवा ऑर्डर केला असशील तर आधी कॅन्सल कर मग पुढचं वाच.

झालं काय की हार्ड डिस्क टक टक आवाज करायला लागली आणि मग एके दिवशी विंडोज उघडेचना. दुकानदार म्हणाला डिस्क गेली, एसएसडी टाका (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क), आणि विंडोजचे वेगळे पंधराशे लागतील. एसएसडी घेतली 500 जीबीची, पण पंधराशे ऐकून मी म्हटलं राहू दे, घरी बघते. बाबा म्हणाले नसते उद्योग. म्हटलं शिलाई मशीन उघडून साफ कोण करतं या घरात?

खालचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. लहानमोठे असतात रे, म्हणून आधी कागदावर लॅपटॉप काढून कुठला कुठे होता ते लिहिलं. बॅटरीची पिन सोडवली, जुनी डिस्क काढली, तिची पत्र्याची फ्रेम नव्या डिस्कला लावली आणि बसवली. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं खरंच.

मग शेजारच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 11 चा पेनड्राइव्ह बनवला, त्याला कमीत कमी 8 जीबीचा लागतो. तुझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा म्हणून 11 चालतं, त्याच्या आधीचा असता तर बसले असते मी कपाळाला हात लावून, कारण 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 लाच बंद झाले. चालू करताना एफ12 दाबत राहिले, पेनड्राइव्ह निवडला. पुढे विंडोज कुठे टाकायचं विचारतं तिथे नवीन डिस्कवर फक्त अनअलोकेटेड स्पेस, म्हणजे अजून न वापरलेली रिकामी जागा, दिसत होती, 465 जीबी. 500 चे 465 कसे, मला वाटलं दुकानदाराने फसवलं! तर कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, एवढीच भानगड. आणि हो, तुझी जुनी डिस्क कपाटात होती त्यामुळे चुकीचं काही पुसलं जाईल ही भीतीच नव्हती.

विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, मात्र विचारलीच नाही, मला वाटलं काहीतरी चुकलं. नंतर कळलं की विंडोज कंपनीकडूनच टाकून आलेल्या या लॅपटॉपांची की मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, साठवलेली असते, सेटअप ती आपोआप वाचतो. डिस्क बदलली तरी की तिथेच. म्हणजे ते पंधराशे कशाचे होते ते तूच सांग.

अडलं ते वायफायला. नेटवर्कला जोडा म्हणतं आणि यादीत एकही वायफाय नाही, वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तेच नव्हतं. अर्धा तास नुसती बघत बसले. मग मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग (केबलमधून मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं आणि गाडी पुढे सरकली, नंतर अपडेटमध्ये वायफायचा ड्रायव्हर आपोआप आला. पूर्वी हा चालू केला की कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या तरी ते गोल गोल फिरतच असायचं, आता कुकर लावून वळेपर्यंत तयार.

जुनी डिस्क केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घालून केबलने जोडली. तुझा फोटोंचा फोल्डर बराचसा आला, काही फाइलींवर अडकते तिथे स्किप करतेय. प्रोजेक्टचे सात फोल्डर आहेत, फायनल, फायनल दोन, खरा फायनल... यातला कुठला हवा ते कळव, डिस्क जास्त वेळ चालवायची मला भीती वाटते.

एक घोटाळा झालाय, बाबांना अजून सांगितलेलं नाही. जो पेनड्राइव्ह वापरला ना, तो गणपतीच्या आरत्यांचा होता. बनवताना सगळं पुसलं जाईल असं आलं होतं, मी ओके केलं. डिस्क जपली आणि आरत्या घालवल्या बघ. तुझ्या गाडीतल्या पेनड्राइव्हवर असतील तर गणपतीच्या आत पाठव.

तुझी,
आई