तक्रार पत्र: संगणकात बिघाड असल्याची खोटी भीती घालून घेतलेले 4,398 रुपये आणि काढूनही न जाणारे सॉफ्टवेअर

सातारा
10 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ: माझ्या 4 ऑक्टोबर व 13 ऑक्टोबरच्या ईमेल आणि त्यांना आलेली आपली उत्तरे.

महोदय / महोदया,

मी ही तक्रार माझ्या वडिलांच्या वतीने करत आहे. खरेदी त्यांच्या नावावर आहे, पैसे त्यांच्या खात्यातून गेले आहेत आणि त्यांची लेखी संमती सोबत जोडली आहे.

आप्पा 76 वर्षांचे आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, 2007 मध्ये निवृत्त झाले. घरातला संगणक मी त्यांना 2021 मध्ये घेऊन दिला आणि त्यावर मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. त्यावर ते रोज सकाळी तासभर आपल्या आठवणी टाइप करायचे. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आप्पा अठरा वर्षांचे होते. त्या पहाटे गावात काय काय घडलं, ते आठवून लिहिणारी माणसं आता आमच्या भावकीत फार उरलेली नाहीत. हे लिखाण त्यांना कराडच्या काकांना पाठवायचं होतं, आणि फोनवर नीट उघडावं म्हणून पीडीएफ करून हवं होतं.

वर्डमध्येच ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की पीडीएफ होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते दाखवायचं माझ्याकडून राहिलं. 9 ऑगस्टला त्यांनी इंटरनेटवर शोधलं, सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि पीडीएफ करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आपलं ‘सफाई’ सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर आलं.

ते कसं आलं, हे मी नंतर तीच फाइल पुन्हा चालवून पाहिलं. इन्स्टॉल करताना दोन पर्याय येतात. एक मोठा, निळा, ‘शिफारस केलेला’. दुसरा फिकट करड्या अक्षरांत, आप्पांच्या चष्म्यातून दिसणारही नाही असा. त्या फिकट पर्यायात गेलं तरच कळतं, की पीडीएफच्या सोबतीला आपलं सॉफ्टवेअर, ब्राउझरला चिकटणारं एक एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) आणि एक ‘अपडेटर’ असं तिघांचं बिऱ्हाड येणार आहे. तिन्हींपुढे आधीच बरोबरची खूण केलेली असते. सगळा मजकूर इंग्रजीत. माणसाने मागितलं एक आणि त्याच्या घरात आली चार. याला संमती म्हणता येत नाही.

दहा मिनिटांत पडदा लाल झाला. ‘1,284 समस्या सापडल्या’, शेजारी उलटी मोजणी करणारं घड्याळ आणि तातडीने दुरुस्ती न केल्यास माहिती नष्ट होऊ शकते, अशा अर्थाचं वाक्य. आप्पांनी घाबरून कार्ड काढलं आणि 2,499 रुपये भरले. लगेच दुसरी खिडकी आली: ड्रायव्हर (प्रिंटर, पडदा वगैरे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) जुने झाले आहेत, आणखी 1,899 रुपये. तेही भरले. एकूण 4,398 रुपये.

त्या 1,284 समस्या काय होत्या, ते आपल्याच अहवालात ‘तपशील’ उघडल्यावर दिसतं. 1,103 होत्या ब्राउझरच्या कुकीज. 140 रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवते त्या वहीतल्या, रिकाम्या नोंदी आणि उरलेल्या 41 तात्पुरत्या फायली. कुकी म्हणजे एखाद्या वेबसाइटने आपल्या संगणकात ठेवलेली बारीकशी चिठ्ठी. आज पुसली तर उद्या वर्तमानपत्राची साइट उघडताच पुन्हा येते. काही चिठ्ठ्या जाहिरातवाले माग काढायला वापरतात हे मला माहीत आहे, पण त्यामुळे संगणक बिघडत नाही आणि कुणाची माहिती नष्ट होत नाही. त्या पुसायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये फुकट असते. रजिस्ट्रीतल्या रिकाम्या नोंदींनी संगणक मंदावत नाही. उलट रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं आहे. म्हणजे 1,284 पैकी बिघाड म्हणावा असा एकही नव्हता, आणि हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

खात्रीसाठी मी आणखी एक गोष्ट केली. 5 ऑक्टोबरला संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकली. दुसरं काहीही न करता ब्राउझर एकदाच उघडला, आपल्या वेबसाइटवरून आपलं सॉफ्टवेअर घेतलं आणि तपासणी चालवली. कोऱ्या संगणकावर 212 समस्या निघाल्या, त्यातल्या 38 ‘गंभीर’ म्हणून लाल रंगात. त्या 38 मध्ये 9 कुकीज आपल्याच वेबसाइटच्या होत्या. या सगळ्याचं फोनवर सलग चित्रीकरण केलं आहे. विंडोज टाकायला सुरुवात केल्यापासून 212 हा आकडा येईपर्यंत ते कुठेही तोडलेलं नाही.

आता ते काढून टाकण्याबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण ‘वापरकर्ता कधीही अनइन्स्टॉल करू शकतो’ हे आपल्या दोन्ही उत्तरांतलं वाक्य खरं नाही.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या संध्याकाळी, मी सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅप्सच्या यादीतून ते काढायला घेतलं. ‘आपण संरक्षण गमावत आहात’ अशी खिडकी आली. त्यात ‘संरक्षण ठेवा’ हे हिरवं मोठं बटण आणि ‘पुढे’ हा शब्द कोपऱ्यात. पुढे गेले तर सत्तर टक्के सवलतीचा प्रस्ताव. तो नाकारला तर कारण विचारणारा फॉर्म, आणि त्यात एकही कारण न निवडता पुढे जाता येत नाही. शेवटी ‘यशस्वीरीत्या काढले’ असं दिसलं. दुसऱ्या दिवशी संगणक चालू केला तर लाल खिडकी हजर.

ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर उघडल्यावर उलगडा झाला. तिथे दोन कामं नेमून ठेवलेली होती, एक संगणक चालू होताच आणि एक रोज दुपारी. दोन्हींची नावं अशी, की ती विंडोजचीच वाटावीत. ‘अपडेटर’ अ‍ॅप्सच्या यादीत दिसतच नव्हता. तो वेगळ्या फोल्डरमध्ये बसून काढलेलं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेत होता. टास्क मॅनेजरमधून तो थांबवला, दोन्ही नेमणुका पुसल्या, फोल्डर काढलं. तरी ब्राउझर उघडला की शोधपान भलतंच. एक्स्टेन्शन काढायचं बटण दाबता येत नव्हतं आणि मेनूच्या तळाशी लिहून आलं होतं, ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’. आमच्या घरात आप्पा, आई आणि मी. कसली संस्था? एखाद्या कचेरीतल्या संगणकांवर व्यवस्थापकाने नियम लावण्यासाठी रजिस्ट्रीत जी पॉलिसीची जागा असते, तिथे आपल्या इन्स्टॉलरने एक्स्टेन्शन सक्तीने लावण्याचा नियम लिहून ठेवला होता. तो हाताने पुसला तेव्हा ते सुटलं. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्येही आपला पत्ता शेपटासारखा जोडलेला होता. इतकं करूनही आणखी कुठे काय उरलं असेल याची खात्री वाटेना, म्हणून शेवटी आप्पांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेऊन सगळंच पुसावं लागलं.

हे मला जमलं, कारण माझं रोजचं काम संगणकावर आहे आणि हाताशी दोन रात्री होत्या. 76 वर्षांच्या माणसाने हे कसं करायचं? आणि आपलं सॉफ्टवेअर कुणाला भीती घालतं? ज्याला टास्क शेड्युलर माहीत आहे तो कुकीजना घाबरून अडीच हजार रुपये भरत नाही.

माझ्या पहिल्या ईमेलला आपण उत्तर दिलं, की परताव्याची मुदत 30 दिवसांची आहे आणि ती उलटून गेली आहे. ती का उलटली, ते सांगते. ऑगस्टच्या अखेरीस मी गणपतीला घरी गेले होते, तेव्हा संगणकावर कापड घातलेलं होतं. विचारलं तर आप्पा म्हणाले, “जरा बिघडलाय, बघू नंतर.” पाहुण्यांच्या गडबडीत मीही खोलात गेले नाही. दसऱ्याला आमच्याकडे पुस्तकं, आईचं शिलाई मशीन आणि संगणक यांना हळदकुंकू वाहून झेंडू घालतात. आप्पा दर वर्षी स्वतः संगणक पुसतात. या वेळी त्यांनी कापड काढू दिलं नाही. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, “माझ्याच हातून नासला गं तो. पैसे पण भरले, तरी लाल दाखवतोय. तुला काय तोंडाने सांगू?” आठ आठवडे त्यांनी ही गोष्ट आईलासुद्धा सांगितली नव्हती. आपली तीस दिवसांची मुदत आप्पांच्या या लाजेत संपली, आणि ती लाज आपल्या लाल पडद्याने आणली.

आणखी एक गोष्ट आहे. त्याचा पक्का पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून त्याची भरपाई मी मागत नाही. भूकंपाच्या पहाटेची सात पानं आप्पांना सापडत नाहीत. त्यांनी ती वेगळ्या फाइलमध्ये लिहिली होती आणि बहुधा सेव्ह न करता बंद केली. अशा न सेव्ह केलेल्या फाइलची प्रत वर्ड काही दिवस तात्पुरत्या फोल्डरमध्ये राखून ठेवतो. आपल्या 9 ऑगस्टच्या अहवालात ओळ आहे: ‘ऑफिसच्या तात्पुरत्या फायली, 17 काढल्या.’ त्या सतरांत ती एक होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण माणसाचं लिखाण जिथे असू शकतं, ती जागा त्याला न विचारता पुसू नये, एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं.

माझ्या दुसऱ्या ईमेलनंतर आपल्या प्रतिनिधीचा फोन आला. त्यांनी संगणकाचा ताबा दुरून घेण्यासाठी एक अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि वरच्या किमतीची योजना घेतली तर प्रश्न कायमचा सुटेल, असं सांगितलं. मी नकार दिला. तक्रार करणाऱ्या ग्राहकालाच आणखी विकायला बघणं मला अतिशय लागलं.

कायद्याची बाजू आपल्या विधी विभागाला माहीत असेलच, तरी नोंद राहावी म्हणून लिहिते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आहेत. त्यांत 13 प्रकार दिले आहेत. संगणकात व्हायरस असल्याचं भासवून तो काढायच्या खोट्या साधनासाठी पैसे भरायला लावणं हा त्यांतला एक. खोटी घाई निर्माण करणं, सतत टोचत राहणं आणि वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करणं हेही त्यात आहे. मायक्रोसॉफ्टने तर 1 मार्च 2018 पासूनच, भीती घालणारे संदेश दाखवून खरेदी करायला लावणाऱ्या सफाई सॉफ्टवेअरला नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवून ते काढायला सुरुवात केली. अमेरिकेत संगणकात बिघाड असल्याची खोटी भीती घालून दुरुस्ती विकल्याच्या आरोपावरून रेस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांना 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी झालेल्या तडजोडीत 2 कोटी 60 लाख डॉलर भरण्याचं मान्य करावं लागलं. तेव्हा या धंद्यात असंच चालतं, हे उत्तर मला देऊ नये.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या पहिल्या ईमेलला महिना होऊन गेला आहे.

4,398 रुपये ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर पूर्ण परत करावेत. पुढच्या वर्षीची आपोआप वसुली मी बँकेत सांगून रद्द करून घेतली आहे; आपल्याकडचीही नोंद रद्द करून तसं लेखी कळवावं. आप्पांचं नाव, ईमेल आणि फोन नंबर आपल्या यादीतून काढावा, कारण ‘आपला संगणक असुरक्षित आहे’ असे संदेश त्यांना अजून येत आहेत. अनइन्स्टॉल केल्यावर आपलं सॉफ्टवेअर, अपडेटर, एक्स्टेन्शन आणि नेमलेली कामं एकाच वेळी आणि पूर्ण जातील, असा बदल आपण कधी करणार, ते तारखेसह कळवावं.

यापलीकडे एक मागणी आहे आणि माझ्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आप्पांना आपल्या कंपनीचं एक पत्र हवं. मराठीत, साध्या शब्दांत. 9 ऑगस्टला त्यांच्या संगणकात व्हायरस नव्हता, दाखवलेल्या 1,284 गोष्टी बिघाड नव्हत्या आणि त्यांच्या हातून काहीही नासलं नाही, एवढंच त्यात असावं. मी हे त्यांना दहा वेळा सांगितलं. ते मान डोलावतात आणि म्हणतात, कंपनीने लिहिलं होतं ना तसं. त्यांनी चौतीस वर्षं एसटीच्या कागदांवर विश्वास ठेवून काम केलं, छापील अक्षराला ते मान देतात. आपण लिहिलेलं आपणच मागे घेतलं, तर कदाचित ते पुन्हा लिहायला बसतील.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, याची मी चौकशी केली आहे.

आप्पांसाठीचं पत्र त्यांच्या नावाने, छापील स्वरूपात, टपालाने पाठवावं. ईमेल ते उघडणार नाहीत.

कळावे,

तक्रारदार ग्राहकाची मुलगी

सोबत: 1) दोन्ही पावत्या, 2) बँक खात्याचा उतारा, 3) 9 ऑगस्ट व 5 ऑक्टोबरचे तपासणी अहवाल, 4) चित्रीकरणाची प्रत, 5) वडिलांचे संमतीपत्र, त्यांच्या हस्ताक्षरात