मे महिन्यात सासवडचा मटार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत शेतकरी बाजारावरचा पानभर लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, छपाईही छान. लेखिकेला तिथे 'मातीचा गंध' आला, भाजीवर 'पहाटेचं दव' दिसलं आणि मधला दलाल हद्दपार झाल्याचं समाधान तर तिन्ही रकान्यांत ओसंडून वाहतंय. मे महिन्यात सकाळी दहाला कोथरूडमध्ये भाजीवर दव कुठून येतं, ते मी सांगते. स्टॉलच्या मागे बादली असते आणि बादलीत तांब्या.

पण माझी तक्रार दवाबद्दल नाही, मटाराबद्दल आहे. लेखातल्या सगळ्यात मोठ्या फोटोत जो हिरवागार ढीग आहे, त्याखाली तुम्ही छापलंय, 'पुरंदरच्या शेतातला ताजा मटार'. हे कुणीच तपासलं नाही?

माझं माहेर पुरंदरातलंच, सासवडच्या पलीकडचं. आमच्याकडे मटार पावसावर. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल झाली, की पेरायचा आणि श्रावण-भाद्रपदात तोडायला यायचा. तोडणीला उजाडायच्या आत जावं लागे, परकर गुडघ्यापर्यंत भिजून चिंब होई, त्यामुळे दव म्हणजे काय ते मला विचारा. उन्हाळ्यात तिथे मटाराला फूल टिकत नाही, उन्हानं गळून जातं. आणि मे महिन्यात आमच्या भागात कित्येक गावांना प्यायचं पाणी टँकरनं येतं. मटाराला कोण पाजणार?

गेल्याच आठवड्यात आमच्या जवळच्या मैदानावरच्या बाजारात अगदी हाच प्रश्न मी एका 'शेतकरी' दादांना विचारला होता. 160 रुपये किलोचा मटार.
"कुठला हो?"
"आपल्याच शेतातला, काकू. सासवडचा."
"सासवडला कुठे?"
"सासवडलाच. गावातच."
"पाणी कुठलं?"
यावर दादांना एकदम दुसरं गिऱ्हाईक दिसलं. स्टॉलखाली जाळीच्या गोण्यांची थप्पी होती, वर ताडपत्री. वाऱ्यानं तिचं टोक उडालं आणि गोणीला बांधलेलं चिटोरं दिसलं. त्यावर निळ्या शाईत, हिंदीत, 'सोलन'. सोलन हिमाचलमध्ये आहे, पुरंदर तालुक्यात नाही. मी बोट दाखवल्यावर उत्तर आलं, "काकू, घ्यायचा तर घ्या, गर्दी करू नका." गर्दी म्हणजे मी एकटीच होते.

हिमाचलचा मटार वाईट असतो असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात मार्केट यार्डात तोच येतो आणि आपण सगळे तोच खातो. पण तो यार्डातून उचलून, टेम्पोतून आणून, 'शेतकरी ते थेट ग्राहक' असल्या फ्लेक्सखाली विकायचा, म्हणजे दलाल हद्दपार झाला की डोक्याला टॉवेल गुंडाळून समोर उभा राहिला?

बाजार भरवणाऱ्यांकडे गेले. त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. वहीत 'खूप छान उपक्रम' असं ओळीनं लिहिलेलं होतं. मी खाली 'मटार सोलनचा' एवढंच लिहून आले.

2016 च्या जुलैमध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हा माझ्या भावाला खराच आनंद झाला होता. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या विक्रीच्या पैशातून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, आणि शहरात येऊन थेटही विकता येणार. सावता माळ्यांच्या नावानं आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं तेही त्याच वर्षी. विचार उत्तमच होता. पण आता ज्याला त्याला 'शेतकरी बाजार' असा फ्लेक्स लावता येतो. फ्लेक्सला कोण विचारतंय?

शेजाऱ्याचा, शेतकरी गटाचा माल कुणी आणला तर माझी काही हरकत नाही. ज्याची 20 गुंठे वांगी आहेत तो दर आठवड्याला स्वतः कोथरूडला कसा येणार? तसं सांगा म्हणजे झालं. आणि तपासायचं मनात असेल तर ते काही अवघड नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. शेतकरी मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करतो आणि ती सातबाऱ्यावर चढते. त्याची एक प्रत स्टॉलवर टांगायला सांगा. मटाराच्या शेजारच्या टेबलावर किवी होती. तिचा पीकपेरा, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मला एकदा डोळे भरून बघायचाय.

जाता जाता, मैदानाच्या फाटकाबाहेर मुळशीकडची एक बाई करवंदं आणि अळूच्या जुड्या घेऊन बसली होती. करवंदं पानांच्या द्रोणात, बोटं चिकानं काळी झालेली. तिला आतल्या स्वयंसेवकानं दोनदा उठवलं, कारण तिच्याकडे स्टॉलची पावती नव्हती. तुमच्या लेखात तिचा फोटो नाही. नसणारच, ती पावती नसल्यामुळे फ्रेमच्या बाहेर बसते.

तुमच्या लेखिकेला एकच विनंती. पुढच्या वेळी दहा वाजता जाऊ नका, सहाला जा, टेम्पो रिकामे होत असतात तेव्हा. गोण्या वाचता येतात.

आणि विषय निघालाच आहे तर, तुमच्या अंकात पूर्वी मार्केट यार्डाचे घाऊक भाव ठळक छापून येत. यार्डात काय भाव आहे ते बघून मी पिशवी उचलत असे. आता ते शेवटून दुसऱ्या पानावर, राशिभविष्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात असतात, आणि गेल्या आठवड्यात तर दोन दिवस कालचेच भाव पुन्हा छापले होते. राशिभविष्य मात्र रोज नवीन असतं. शक्य असल्यास त्यांची जागा बदलावी.

कळावे,
आपली जुनी वाचक,
कोथरूड, पुणे