ट्रॉलीतल्या त्या रात्रीबद्दल, अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय कांद्याच्या भावावर नेला असता. म्हणून चारचौघांत हे पत्र लिहितेय. तुमचा नातू फोनवरून मोठ्यांदा वाचून दाखवेल.

14 डिसेंबर 2023. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, म्हणून मामीनं बोलावलं होतं. जेवणं उरकल्यावर मी मफलर गुंडाळून, फोन आभाळाकडे धरून मामाच्या गच्चीवर उभी होते. खालून तुम्ही विचारलंत, "भाची, रेंज हुडकतीयेस का?" मी म्हटलं, उल्का. तुम्ही हसला नाहीत, हे मला आजही आठवतं. "इथनं काय दिसतंय, समोर देवळाचा हॅलोजन. चल मळ्यात. साडेदहाला लाईट येतीय, कांद्याला पाणी भरायचंय."

खरं सांगते, तोवर उल्कावर्षाव या प्रकारावरचा माझा विश्वास उडत चालला होता. ऑगस्टमध्ये दरवर्षी ययाती तारकासमूहातल्या वर्षावाची बातमी येते, 12-13 तारखेला बघा म्हणून. त्या दिवसांत आपल्याकडे ढगांमधून चंद्र दिसायची मारामार! आदल्या डिसेंबरात याच, मिथुन राशीतल्या वर्षावासाठी पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर वीस मिनिटं उभी राहिले होते. ॲपमध्ये मिथुन रास झकास दिसत होती, वर मात्र काही नाही. 'तासाला 120 उल्का' हा बातमीतला आकडा काळ्याकुट्ट अंधारातला, उगमबिंदू (उल्का जिथून सुटल्यासारख्या वाटतात ती जागा) थेट डोक्यावर असतानाचा असतो, हे कोणी छापत नाही.

तुम्ही विहिरीजवळ ट्रॉली लावलीत, पोत्यांवर गोधडी टाकलीत. जुन्नर तालुका, बिबट्याचा मुलूख. जमिनीवर निजायचं नाही म्हणून फाळका लावलात, रेडिओ चालू ठेवलात. मग माझा फोन मागून घेऊन सरळ बंडीच्या खिशात टाकलात. "डोळं बसू दे आधी."

अर्धा तास मला कंटाळा आला होता, हेही कबूल करते. पण मग ताऱ्यांमधल्या काळ्या जागाही भरू लागल्या. तुम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी वाफा बदलायला उठायचात आणि बॅटरीच्या काचेवर तळहात दाबून चालायचात. बोटांतून तेवढा लाल उजेड. नंतर वाचलं की अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडानं फारसे बिघडत नाहीत, म्हणून आकाश बघणारे बॅटरीला लाल कागद लावतात. तुम्ही म्हणालात, वडील कंदिलालाही असाच हात आडवा धरायचे.

मग एकेक ओळख. आधी तिकांडं, मृगाच्या पोटातले ते तीन तारे. त्यांची रेघ एका बाजूला लांबवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. पश्चिमेला ठळक दिसत होता तो गुरू, "बघ, लुकलुकत न्हाई". डिसेंबरच्या मध्यात तिकांडं साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतं, वडील त्यावरून बैलगाडी जुंपायची वेळ धरायचे, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

पण माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो पुनर्वसूपाशी. मला पुनर्वसू म्हणजे कॅलेंडरातला जुलैचा पाऊस, तरणा पाऊस. तुम्ही मिथुन राशीतले दोन शेजारी तारे दाखवून म्हणालात, "हे पुनर्वसू." मी म्हटलं, मग जुलैत का दिसत नाहीत? तर म्हणालात, तेव्हा सूर्य त्यांच्या घरात असतो, दिवसा उगवतात, दिवसा मावळतात, दिसणार कसे? सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे गेला की रात्रभर आपले. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकले, पण पावसाची नक्षत्रं आणि वरचे तारे एकच आहेत हे मला पोत्यावर पडून कळलं.

"आता उल्का हुडकू नको. नुसतं आभाळ बघ." आणि त्या यायला लागल्या. मोजायला तुम्ही शेंगा दिल्यात: एक दिसली की एक शेंग डाव्या खिशातून उजव्या खिशात. रेघ मागं ओढली आणि पुनर्वसूपाशी पोचली, तर ती आपल्या भावकीतली. दुसरीकडून आली तर वाटसरू, तिला शेंग नाही. पुनर्वसूच्या जवळच्या आखूड, लांबच्या लांबलचक. एक मोठी पेटली तेव्हा तुम्ही वाफ्यात वाकलेले होतात. मी ओरडले, आणि तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "बघितली, पाण्यात."

दोन तासांत चौऱ्याऐंशी. मधल्या काही मी खाल्ल्या, त्यामुळे हिशेबाची खात्री नाही.

घरी आल्यावर वाचून तुम्हाला फोन केला होता. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, पण हा फेथॉन नावाच्या दगडी गोळ्याचा. 1983 साली एका उपग्रहाच्या निरीक्षणांत सापडलेला, पाचेक किलोमीटर रुंद, सूर्याभोवती दीड वर्षाच्या आतच फेरी मारणारा. त्याचे कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगानं हवेत शिरतात आणि जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर पेटतात. तुम्ही जरा वेळ गप्प राहिलात. मग, "म्हंजे उसाची ट्रॉली गेल्यासारखं. ट्रॉली म्होरं जाती, वाटंवर कांडकं पडत्यात. आपुन दरसाल त्याच तारखेला ती वाट ओलांडतो." सोसायटीतल्या पोरांना मी हेच सांगते, तुमचं नाव घेऊन. सगळ्यांना लगेच कळतं.

2024 ला दत्तजयंतीच्या चंद्रानं घोळ घातला. गच्चीवरून अकरा दिसल्या, त्यांतल्या दोन पोरांनीच दाखवल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता कुठे बघायचं ते माहीत आहे, आणि काही नाही दिसलं तर रोहिणी, व्याध असतातच.

पुन्हा अंधारा डिसेंबर आला की मळ्यात येणार आहे. रात्रपाळीची लाईट नसली तरी ट्रॉली लावा. शेंगा मी आणते, मोजायच्या वेगळ्या आणि खायच्या वेगळ्या.

तुमची,
गावची भाची