इटरेशन शिकवताना कारणही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणाच्या पानावर कटऑफ, अॅडमिशन, वेळापत्रकं सगळं असतं, नुसतं गणित मात्र क्वचितच दिसतं म्हणून हे पत्र लिहितोय. मी विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या पोरांच्या मॅथ्सच्या ट्यूशन घेतो. इटरेशनचं, म्हणजे तीच कृती परत परत करून उत्तराकडे सरकायचं गणित आलं की सगळ्यांची पद्धत एकच, समीकरण 'क्ष बरोबर अमुक' असं करायचं, एक किंमत धरायची, उजवीकडे घालायची, येईल ते परत उजवीकडे, तीन दशांश स्थळं जुळली की खाली रेघ. मार्क मिळतात. पण जुळलं का, आणि कधी जुळणार नाही, हे विचारलं की सगळे गप्प. दोष पोरांचा नाही हो, पेपरात ते कुणी विचारतच नाही.

कॅल्क्युलेटर घेऊन बघाच. क्ष³ + क्ष = १ घ्या. क्ष = १ − क्ष³ असं मांडून ०.५ पासून सुरू केलं की ०.८७५, ०.३३०, ०.९६४, ०.१०४, उड्या मोठ्याच होत जातात आणि शेवटी ० ते १ नुसत्या येरझाऱ्या. तेच क्ष = १/(१ + क्ष²) असं मांडलं तर ०.८, ०.६१०, ०.७२९, ०.६५३ असं करत ०.६८२३ कडे येतं. चिन्ह सोडून दिलं तर उत्तरापाशी पहिल्या मांडणीचा उतार (क्ष जरासा हलला की उजवी बाजू किती पट हलते ते) जवळपास १.४, म्हणजे चूक दर फेरीला वाढणार, दुसरीचा ०.६४ च्या आसपास, म्हणजे कमी होणार. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहायला काय लागतं?

पोलिश गणितज्ञ स्टेफान बानाख यांनी १९२२ मध्ये हे भक्कम पायावर उभं केलं. ज्यात फिरायचं ते अवकाश पूर्ण, म्हणजे मध्ये भोकं नसलेलं असेल आणि कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर दर फेरीला १ पेक्षा लहान अशा एका ठरावीक पटीनं आकसत असेल तर स्थिर बिंदू, म्हणजे उजवीकडे घातला की तोच परत येतो असा बिंदू, असतोच, एकच असतो, कुठूनही निघा तिथंच पोचता, आणि किती फेऱ्यांनंतर चूक जास्तीत जास्त किती उरेल हेही आधीच सांगता येतं.

मला सगळ्यात आवडतं ते याच्या पुढचं. ती बिघडलेली पहिली मांडणीच घ्या, फक्त नवी किंमत तशीच न उचलता जुन्या-नव्याची सरासरी घ्या. ०.५ वरून ०.६८७५, ०.६८१३, ०.६८२५, ०.६८२३. चौथ्या फेरीत उत्तर हातात! सरासरी घेत जायची ही वाट गणितज्ञ मान यांनी १९५३ मध्ये दाखवली, निम्मं-निम्मं मिसळायचं रूप क्रास्नोसेल्स्कींनी १९५५ मध्ये, इशिकावांची दोन टप्प्यांची पद्धत १९७४ ची. अंतर वाढत नाही पण आकसतही नाही अशा ठिकाणी बानाखचा नियम चालत नाही, तिथं ही वाट कामाला येते. साधं १ − क्ष बघा, ० वरून १, १ वरून परत ०, आणि सरासरी घेतली की लगेच ०.५.

माझी विनंती एवढीच की रविवारच्या अंकात एक छोटी चौकट द्या, एक समीकरण, दोन मांडण्या, कुठली जुळते आणि का ते पोरांनी शोधायचं. शाळेतल्यांसाठी गणितज्ञ कापरेकरांच्या ६१७४ पासून सुरू करा, तोही स्थिर बिंदूच आहे, सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, येईल त्याचं परत तेच (तीनच अंक आले तर पुढे शून्य धरून), जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथं येते. सांगली-साताऱ्याच्या शाळा-कॉलेजांत अंक जातोच. उदाहरणं मी दर आठवड्याला पाठवीन, मानधन नको.

आपला,
एक गणित शिक्षक, विश्रामबाग, सांगली