कथबर्टची शेती

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मे महिन्यात इकडे आलात की आपण लिंडिसफार्न बेटावर जायचं. तिथला संत कथबर्ट आधीच थोडा ओळखीचा असावा, म्हणून लिहिते.

हा सातव्या शतकातला, इंग्लंडच्या ईशान्य भागातला. 651 मध्ये मेलरोजच्या मठात गेला, पुढे लिंडिसफार्नच्या मठाचा कारभार पाहिला आणि 676 मध्ये इनर फार्न या उघड्या, खडकाळ बेटावर एकटाच राहायला गेला. बीड नावाच्या मठवाशाने त्याच्या घराचं बारीक वर्णन केलंय. गोल भिंत, न घडवलेल्या दगडांची आणि गवताच्या ढेकळांची. बाहेरून पुरुषभरापेक्षा थोडी उंच, पण आतला खडक त्याने खोल खोदला. त्यामुळे आत उभं राहिलं की फक्त आभाळ दिसे.

बाबा, आता शेतीचं. दुसऱ्यांनी आणून दिलेली भाकरी त्याला नको झाली, म्हणून अवजारं आणि गव्हाचं बी मागवलं. वसंतात पेरलं, पण अर्धा उन्हाळा सरला तरी हाती काही येईना. मग सातू मागवला. पेरणीची वेळ टळून गेली होती, तरी पीक भरघोस आलं. बीड याला देवाची कृपा म्हणतो. पण सातू गव्हाआधी तयार होतो आणि खारी जमीनही जास्त सोसतो, हे तुम्हाला सांगायला नको. दाणा भरताच पाखरं उतरली. त्याने गोफण घेतली नाही. न पेरलेल्याला का शिवता, एवढंच विचारलं, आणि ती उडून गेली.

684 मध्ये तिथला राजा एकफ्रिथ स्वतः होडीने त्याला न्यायला आला. 26 मार्च 685 ला, ईस्टरच्या दिवशी, यॉर्कला त्याला बिशप केलं. 686 च्या नाताळानंतर तो इनर फार्नवर परतला आणि आजारी पडला. वादळामुळे पाच दिवस कुणाला तिथे उतरता आलं नाही. होडी लागली तेव्हा त्याच्याजवळ पाच कांदे होते. एकच कुरतडलेला, तोही अर्ध्याहून कमी. आई, त्या कांद्याशी मी दर वेळी थांबते. 20 मार्च 687 ला तो गेला.

875 मध्ये व्हायकिंग हल्ल्यांच्या भीतीने लिंडिसफार्नचे मठवासी त्याची शवपेटी घेऊन बाहेर पडले. 995 पासून ती डरहॅमला आहे. तिथेही जाऊ.

लिंडिसफार्नचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. वाळू कोरडी दिसली तरी वेळापत्रकाबाहेर गाडी घालायची नाही, पाणी भरभर चढतं. तारीख मी भरती पाहूनच ठरवीन. मे असला तरी स्वेटर आणा, वारा बोचतो.

तुमची लेक